मीठ कोणाचे?



ग्रंथालयाच्या शताब्दीनिमित्त होणाऱ्या व्याख्यानाला एखादा कवी, एखादा ग्रंथ, फार तर भाषेचा प्रश्न असे विषय शोभतात. तेथे मिठाचा विषय काढणे म्हणजे दुधात मिठाचा खडा टाकणे, असे कोणाला वाटले तर नवल नाही. तथापि सुरतेत राहणाऱ्या मराठी माणसाला हा विषय टाळता येण्याजोगा नाही. या शहरात त्याची पहिली फजिती पुष्कळदा याच शब्दाने होते. गुजरातीत 'मीठुं' हे नाम म्हणून आले तर त्याचा अर्थ मीठ, आणि विशेषण म्हणून आले तर गोड. डाळीत 'मीठुं' कमी आहे असे शेजारीण म्हणाली, तर साखर घालायची की मीठ, असा पेच खानदेशातून नव्याने आलेल्या सुनेला पडतो. सुरती डाळीची गोड चव लक्षात घेता तो पेच अगदीच वेडगळ म्हणता येत नाही.

वस्तुतः घोटाळा गुजरातीचा नाही, मूळ शब्दाचाच आहे. संस्कृत 'मिष्ट' म्हणजे चवदार, गोड. त्यापासून मराठीत 'मीठ' आले आणि 'मिठाई'ही आली. जिच्यावाचून कोणत्याही पदार्थाला चव नाही, त्या वस्तूला आपल्या पूर्वजांनी खारट म्हटले नाही, गोड म्हटले. गुजरातीने त्याच्या पुढचे पाऊल टाकले. दिवाळीनंतरच्या नूतन वर्षाच्या पहाटे, अजून उजाडलेले नसताना, सुरतेच्या गल्ल्यांतून 'सबरस' अशी आरोळी ऐकू येते. हे सबरस म्हणजे मीठ. सर्व रसांचा राजा, सर्व रस ज्यात आले ते. वर्षातली पहिली खरेदी म्हणून लोक चिमूटभर का होईना, ते घेतात. मराठी घरात तोच दिवस बलिप्रतिपदेचा, पाडव्याचा असतो. ओवाळणीच्या तबकाशेजारी शेजारघरचे सबरस येऊन बसते, आणि दोन भाषांचा शेजार मीठ-मिठाईसारखाच जुळून जातो.

मिठाचे दुसरे नाव लवण. या शब्दाची संतती मराठीत मोठी आहे. लवण नाही ते अलवण, त्याचे 'अळणी' झाले. लोणच्याच्या नावातही लवणच मुरलेले आहे. आणि सौंदर्याला 'लावण्य' म्हणताना, आपण मुळात खारटपणाची स्तुती करीत आहो, हे कोणाच्या ध्यानीही येत नाही. नाकीडोळी नीटस असूनही एखादा चेहरा अळणी वाटतो, त्यात जे नसते ते लावण्य. बैलांच्या तांड्यांवर समुद्रकाठचे मीठ लादून ते खानदेश-वऱ्हाडाकडे नेणारे आणि परतताना धान्य-कापूस आणणारे लमाण, यांच्या नावाची व्युत्पत्तीही बहुतेक अभ्यासक लवणाशीच जोडतात. सिंधू नदीच्या प्रदेशातून येणारे ते सैंधव, मराठी बायकांच्या तोंडी शेंदेलोण. उपवासाला तेच चालते, आणि आयुर्वेदानेही पाच लवणांत त्यालाच श्रेष्ठ मानले आहे. 'सैंधव' याचा दुसरा अर्थ सिंधुदेशीचा घोडा. 'सैंधव आण' असे धन्याने सांगितले तर तो जेवायला बसला आहे की प्रवासाला निघाला आहे हे पाहून सेवकाने मीठ किंवा घोडा आणावा, हे संदर्भाने अर्थ ठरण्याचे उदाहरण आपले शास्त्रकार शतकानुशतके देत आले. पानावर घोडा आणून उभा करणारा सेवक कल्पनेतलाच असावा, पण भाषाशास्त्राच्या वर्गात तो आजही हसू आणतो.

आता ही वस्तू प्रत्यक्षात आहे तरी काय? खनिज म्हणून तिचे शास्त्रीय नाव हॅलाइट, रसायन म्हणून सोडियम क्लोराइड. वजनाने सुमारे ३९ टक्के सोडियम आणि ६१ टक्के क्लोरीन. पहिला पाण्यात पडला की पेट घेणारा धातू, दुसरा जीव घेणारा वायू. दोघे एकत्र आले की भाकरीबरोबर खाता येते. जाड्या मिठाचा खडा भिंगाखाली धरला तर त्याचे घन आकार दिसतात. तो फोडला तर तुकडेही घनाचेच होतात, कारण आतल्या कणांची मांडणीच चौकोनी जाळीची आहे. कठीणपणा इतपत की नखाने जेमतेम ओरखडा उठावा. पाण्याच्या दुपटीहून थोडे अधिक जड. वितळायला मात्र ८०१ अंश सेल्सियस उष्णता लागते, म्हणजे चुलीच्या निखाऱ्यावर ते तडतडते, पण सहसा वितळत नाही.

मिठाचा एक गुण असा की ज्याने समुद्रकाठच्या लाखो माणसांचे आयुष्य ठरवून टाकले. साखर किंवा सोरा गरम पाण्यात पुष्कळ विरघळतो, थंड पाण्यात कमी. म्हणून कढत पाक निवू दिला की खडे आपोआप सुटतात. मिठाचे तसे नाही. शंभर ग्रॅम पाण्यात ते सुमारे ३६ ग्रॅम विरघळते, आणि पाणी तापवले काय किंवा निववले काय, या आकड्यात फारसा फरक पडत नाही. सारांश, मीठ हवे असेल तर पाणी घालवूनच टाकले पाहिजे. दुसरी युक्ती नाही. समुद्राच्या पाण्यात सर्व क्षार मिळून साडेतीन टक्के. म्हणजे मूठभर मिठासाठी घागरभर पाणी उन्हावाऱ्याच्या स्वाधीन करावे लागते. यासाठी बांध घालायचे, उथळ वाफे करायचे, भरतीचे पाणी आत घ्यायचे आणि एका वाफ्यातून दुसऱ्यात असे घट्ट करीत न्यायचे. बोमे यांच्या मापकावर समुद्राचे पाणी तीन अंशांच्या आसपास भरते. आधी चुना-गंधकाचा क्षार, म्हणजे जिप्सम, तळाशी बसतो. पंचविसाव्या अंशाच्या सुमारास मिठाचे पांढरे तवंग दिसू लागतात. तिशीच्या जवळ गेले की उरलेले कडवट पाणी काढून टाकायचे, नाहीतर त्यातले मॅग्नेशियमचे क्षार मिठात उतरतात. असे मीठ कडसर लागते आणि हवेतले पाणी ओढून घेते. शुद्ध मीठसुद्धा हवेतील आर्द्रता पंचाहत्तर टक्क्यांवर गेली की पाझरू लागते. मग सुरतेच्या श्रावणात बरणीतल्या मिठाचा चिखल होतो यात बिचाऱ्या वाण्याचा दोष किती, हा प्रश्नच आहे. त्यात तांदळाचे चार दाणे टाकून ठेवण्याची जुन्या बायकांची रीत अगदी शास्त्रशुद्ध आहे.

शास्त्रशुद्ध म्हणता येईल असे आणखी एक कारण दृष्ट काढण्यात सापडते. मीठमोहऱ्या मुलावरून ओवाळून निखाऱ्यावर टाकल्या की तडतड आवाज होतो, आणि जितकी तडतड मोठी तितकी दृष्ट मोठी, असे समजतात. मिठागरातल्या खड्यांच्या पोटात मूळ खाऱ्या पाण्याचे अतिसूक्ष्म थेंब कोंडलेले असतात. उष्णतेने त्यांची वाफ होते आणि खडा फुटतो. पिशवीतल्या दळलेल्या, वाळवलेल्या मिठाने दृष्ट काढली तर ती फारशी तडतडत नाही. तेव्हा हल्ली मुलांना दृष्ट लागेनाशी झाली आहे असा निष्कर्ष कोणी काढू नये. गुजराती लग्नात नवऱ्या मुलाची बहीण 'लूण' उतरते, तीही हीच दृष्ट. लहान भांड्यात मीठ घालून ती ते भावाच्या डोक्यामागे खुळखुळवीत राहते.

मीठ हातावर देऊ नये, भांडण होते. दिवेलागणीनंतर शेजारी मीठ मागू नये, आणि मागावेच लागले तर त्याचे नाव घेऊ नये. सांडलेले मीठ मेल्यावर देवाच्या दारी पापण्यांनी वेचावे लागते. या समजुतींना कोणी अंधश्रद्धा म्हणेल, आणि ते चुकीचेही नाही. पण त्यांच्या मुळाशी एक समान धागा दिसतो. मीठ हा दोन माणसांमधला व्यवहार आहे, तो हलकेपणाने करू नये, आणि ज्याने ते दिले त्याचा हिशेब कोठे तरी राहतो. राजाच्या धाकट्या मुलीची गोष्ट घरोघर सांगितली जाते. थोरल्या मुलींनी बापाला साखरेची, मधाची उपमा दिली. धाकटी म्हणाली, 'बाबा, तुम्ही मला मिठासारखे आवडता.' राजाने तिला घालवून दिले आणि पुढे तिच्याच घरी अळणी पंचपक्वान्नांच्या ताटावर त्याला अक्कल आली. ही कथा युरोपातही आहे. शेक्सपियरच्या 'किंग लियर'शी अभ्यासक तिचे नाते सांगतात. फरक इतकाच की लियरला त्याची मुलगी फार उशिरा कळली, आपल्या राजाला जेवण संपायच्या आत.

छांदोग्य उपनिषदात उद्दालक आपल्या मुलाला, श्वेतकेतूला, रात्री पाण्यात मिठाचा खडा टाकायला लावतो आणि सकाळी तो परत मागतो. खडा सापडत नाही, पण पाणी कोठूनही चाखले तरी खारट लागते. ब्रह्म असेच सर्वत्र आहे, हे शिकविण्यासाठी ऋषीला सोने-माणिक आठवले नाही. वेदान्तापासून भजनी मंडळापर्यंत हा दृष्टान्त पोचला तो मराठी संतांमुळे. तुकोबांचे मिठाशी नाते तर दृष्टान्तापुरते नव्हते. त्यांनी कर्जाऊ पैशाने मीठ घेऊन ते बालेघाटात नेऊन विकले, आणि परतताना कर्जापायी अडकलेल्या एका ब्राह्मणाला सारी रक्कम देऊन टाकली, असे त्यांच्या चरित्रात सांगितले आहे. घरी आल्यावर काय झाले असेल त्याची कल्पना संसारी माणसाने करावी.

या सगळ्यांतून मराठीचा एक वाक्प्रचार तयार झाला: खाल्ल्या मिठाला जागणे. अन्नाला नव्हे, पाण्याला नव्हे, मिठाला. ज्याचे मीठ खाल्ले त्याच्याशी बेइमानी करायची नाही. नमकहलाल आणि नमकहराम हे शब्द फारसीच्या वाटेने आले, पण कल्पना येथे आधीच रुजलेली होती. सैन्याच्या चाकरीत तर हाच शपथविधी. इंग्रजांनी तो अचूक हेरला. १८५७ साली शिपायांची निष्ठा मोजताना ते मिठाचीच भाषा बोलत होते. आणि येथेच प्रश्न उभा राहतो. मिठाला जागायचे हे खरे; पण मीठ कोणाचे?

राज्यकर्त्याचे मिठाकडे लक्ष जाणे नवे नाही. १६६४ आणि १६७० अशी दोनदा सुरत लुटणारे म्हणून ज्यांचे नाव या शहराने धसक्याने ऐकले, त्या शिवाजी महाराजांनी १६७१ च्या डिसेंबरात कुडाळच्या नरहरी आनंदरावांना मिठाविषयी पत्र लिहिले. पोर्तुगीजांच्या ताब्यातील बारदेशचे मीठ स्वस्त पडते, म्हणून व्यापारी तिकडे वळतील आणि आपल्या मुलखातले मीठ पडून राहील. तेव्हा बारदेशच्या मिठावर जबर जकात बसवावी, असा त्याचा आशय. सुरतेच्या पेढ्या आणि कोकणच्या मिठाचे वाफे, दोन्हींवर एकाच राजाची नजर होती, आणि दुसऱ्या ठिकाणी ती राखणदाराची होती. कर तोच, पण तो मीठ पिकविणाऱ्याच्या बाजूने लावता येतो तसा त्याच्या उरावरही बसवता येतो.

दुसरा प्रकार कंपनी सरकारने करून दाखवला. पश्चिमेचे स्वस्त मीठ पूर्वेकडे जाऊ नये म्हणून देशाच्या मध्यातून जकातीची रेषा आखली गेली. १८६९ च्या सुमारास ती सिंधूपासून महानदीपर्यंत सुमारे २३०० मैल पसरली होती आणि तिच्यावर जवळजवळ १२,००० माणसे पहाऱ्याला होती. बोरी, बाभळी, करवंदी आणि निवडुंग यांचे जिवंत कुंपण तिच्यावर वाढविण्यात आले. पुढे काँग्रेसच्या स्थापनेत पुढाकार घेणारे ॲलन ह्यूम हे काही वर्षे या कुंपणाचे वरिष्ठ अधिकारी होते, हा इतिहासाचा विनोद. ते कुंपण दक्षिणेला बऱ्हाणपुरापर्यंत येत होते. म्हणजे जी तापी सुरतेच्या पायाशी समुद्राला मिळते, तिच्याच वरच्या काठावर चिमूटभर मीठ आडवायला सरकारने काटे लावले होते. १८७९ साली हे कुंपण सोडून देण्यात आले, कारण तोपर्यंत देशभर कर जवळपास सारखा करण्याची आणि तो मिठागरावरच वसूल करण्याची सोय झाली होती.

या कराला पहिला मोठा धक्का मात्र कुंपणाच्या कितीतरी आधी, सुरतेत बसला होता. दांडीच्या नावाखाली ही गोष्ट झाकली गेली आहे, म्हणून ती येथे थोडी सावकाश सांगितली पाहिजे. मुंबई इलाख्यात मिठावर मणाला आठ आणे कर होता. १८४४ साली सरकारने तो एकदम एक रुपया केला. काही जुने शहरकर रद्द केले, त्यांची ही भरपाई, असे सरकारचे म्हणणे. हिशेबाच्या वहीत ते पटण्यासारखे होते. जुने शहरकर व्यापाऱ्याला, कारागिराला लागत. मिठाचा कर प्रत्येक तोंडाला लागणार होता, आणि ज्याच्या ताटात मिठाखेरीज तोंडी लावायला काही नाही, त्याला सर्वांत जास्त. सुरत त्या वेळी उतरतीला लागलेली होती. बंदराचे वैभव मुंबईने नेले होते, १८३७ च्या मोठ्या आगीने घरे-पेढ्या खाक केल्या होत्या. अशा शहराने दुकाने बंद केली. हजारोंचा जमाव रस्त्यावर आला, दंगा झाला, गोऱ्या लोकांवर हल्ले झाले. सरकारला माघार घ्यावी लागली. चारच वर्षांनी, १८४८ साली, बंगाली वजनमापे लादण्याचा घाट घातला तेव्हा सुरतेने पुन्हा हरताळ पाळून तोही हाणून पाडला. हिंसा झाली, तिचे समर्थन करण्याचे कारण नाही. पण मिठाच्या करापुढे सरकार नमते, हे हिंदुस्थानात ज्या शहरांनी प्रथम पाहिले त्यांत सुरत आहे, आणि ते दांडीच्या ८६ वर्षे आधी.

हा धडा सरकारने उलटा घेतला. १८८२ च्या कायद्याने मीठ तयार करणे आणि विकणे यांवरचा ताबा पक्का झाला. समुद्रकाठच्या कोळ्याने खडकाच्या खळग्यात आपोआप साचलेले मीठ उचलले तरी तो गुन्हा. विधिमंडळात याविरुद्ध सातत्याने आणि आकडेवार बोलणारा माणूस मराठी होता. गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९०२ पासून अर्थसंकल्पावरील भाषणांतून मिठाचा कर उतरविण्याची मागणी लावून धरली. तो मणाला अडीच रुपये होता; १९०३ साली दोन, १९०५ साली दीड आणि १९०७ साली एक रुपया झाला. नेमस्तांच्या अर्जविनंत्यांची चेष्टा करण्याची मराठी लेखनात प्रथा आहे. पण अडीचाचा एक रुपया होणे हे मजुराच्या घरात चेष्टेचे नव्हते.

१२ मार्च १९३० रोजी गांधीजी साबरमतीहून ७८ सहकाऱ्यांसह निघाले, तेव्हा मिठासारखी क्षुल्लक वस्तू घेऊन स्वराज्य कसे मिळणार असे पुष्कळ शहाण्यांना वाटत होते. त्या ७८ जणांत महाराष्ट्रातील म्हणून नोंदलेले १३ जण होते. त्यांत आश्रमाचे संगीतशिक्षक, पलुस्करांचे शिष्य पंडित नारायण मोरेश्वर खरे होते. वाटेवरच्या प्रार्थनांना आणि भजनांना सूर होता तो या मराठी गायकाचा. १ एप्रिलला तुकडी सुरतेत आली, शहर लोटले. पुढे दिंडोली, नवसारी करीत ५ एप्रिलला ती दांडीला पोचली. दांडी त्या वेळी सुरत जिल्ह्यातच होती, जलालपूर तालुक्यात; नवसारी मात्र गायकवाडांच्या राज्यात. किनाऱ्यावर नैसर्गिकरीत्या साचलेले मीठ सरकारी माणसांनी आधीच चिखलात कालवून ठेवले होते. ६ एप्रिलला सकाळी गांधीजींनी उचलले ते त्यातलेच.

त्या कृतीचा राजकीय अर्थ शाळेच्या पुस्तकात असतो. लोकभाषेतला अर्थ तेथे नसतो. जो कायदा सर्व मीठ सरकारचे ठरवितो, तो पर्यायाने सर्वांना सरकारचे मिंधे करतो. रोज दोन वेळा सरकारचे मीठ खाणारा माणूस सरकारशी नमकहराम कसा होणार? गांधीजींनी वाकून जे उचलले त्याने हे देणेच फेडून टाकले. मीठ समुद्राचे आहे, सरकारचे नाही. तेव्हा जागायचे असेल तर कोणाला, याचा निर्णय खाणाऱ्याने करावा.

याचा दुसरा भाग धरासण्यात घडला. तेही तेव्हाच्या सुरत जिल्ह्यातले, आज वलसाडमधले. गांधीजींना ५ मेच्या मध्यरात्री कराडीला अटक झाली, मग अब्बास तय्यबजींना झाली. २१ मे रोजी सरोजिनी नायडू आणि इमामसाहेब बावझीर यांच्या नेतृत्वाखाली स्वयंसेवकांच्या रांगा मिठागराच्या तारांकडे चालत गेल्या. लोखंडी टोकाच्या लाठ्या डोक्यांवर पडत होत्या, पडलेल्यांना उचलून नेत होते आणि पुढची रांग येत होती. हात वर करून वार अडविण्याचीही आज्ञा नव्हती. अमेरिकन वार्ताहर वेब मिलर यांनी इस्पितळात ३२० जखमी मोजले. दोघे दगावले होते. त्यांच्या बातमीने ही हकीकत जगभर गेली. पण एक गोष्ट नजरेतून सुटता कामा नये. हुकूम देणारे गोरे होते, तरी लाठी चालविणारे बहुतेक शिपाई याच देशाचे होते. त्यांच्या लेखी ते खाल्ल्या मिठाला जागत होते. समोर डोके फोडून घेणाराही मिठालाच जागत होता. एकाच शब्दाच्या दोन अर्थांनी त्या दिवशी धरासण्याच्या तारांपाशी एकमेकांना गाठले.

महाराष्ट्रात वडाळ्याच्या आगरावर हजारोंनी धावा केला. कोकणात शिरोड्याच्या मिठागरांवर मे महिन्यात सत्याग्रह झाला, वि. स. खांडेकर त्या वेळी त्याच गावच्या शाळेत मास्तर होते. १९३१ च्या गांधी-आयर्विन कराराने किनाऱ्यावरील गावकऱ्यांना स्वतःपुरते मीठ करण्याची मुभा मिळाली, कर गेला नाही. तो गेला १९४७ साली, स्वातंत्र्याच्या काही महिने आधी.

त्यानंतर मिठाचा इतिहास गाजावाजाचा नाही, उपयोगाचा आहे. खाऱ्या पाण्यातून वीज सोडली की कॉस्टिक सोडा, क्लोरीन आणि हायड्रोजन मिळतात; साबण, कागद, प्लास्टिक, पाणी शुद्ध करण्याची द्रव्ये, सारे येथून निघते. धुण्याचा सोडाही मिठातूनच. ओखामंडळात मिठाच्या नावानेच वसलेल्या मिठापूरला टाटांचा रसायन कारखाना १९३९ साली निघाला. सुती कापडाला रंग घट्ट बसावा म्हणून रंगाच्या हौदात मीठ टाकतात. बर्फात मीठ मिसळले की तापमान शून्याखाली उणे २१ अंशांपर्यंत उतरते, हे पॉट आइस्क्रीम फिरविणाऱ्या पोरांना पुस्तकाआधी कळते. इस्पितळातली सलाइनची बाटली म्हणजे लिटरला नऊ ग्रॅम मीठ. गलगंडावर उपाय म्हणून मिठात आयोडीन घालण्याचा प्रयोग १९५६ पासून कांगडा खोऱ्यात डॉ. रामलिंगस्वामी यांनी केला आणि तो यशस्वी ठरला. खाण्यासाठी बिनआयोडीनचे मीठ विकण्यास १९९८ साली बंदी झाली, २००० साली उठली आणि २००६ साली पुन्हा आली. ज्या वस्तूवर कर नको म्हणून माणसे मेली, तिच्यावर निर्बंध हवा की नको याचा वाद स्वतंत्र देशातही चालावा, हे स्वाभाविकच म्हणायचे. एवढे मात्र खरे की या निर्बंधाने बालकांची बुद्धी वाचली.

देशातील तीन चतुर्थांशाहून अधिक मीठ आज गुजरातेत पिकते. तेव्हा 'मीठ कोणाचे' हा जुना प्रश्न सुरतेत पुन्हा विचारायचा तर सरकारला नव्हे, बरणीलाच विचारावा लागेल. उत्तर कोकणातील आगरी समाजाचे नावच आगरावरून, म्हणजे मिठागरावरून पडले. उरण, पेण, भाईंदर येथे त्यांच्या पिढ्या खाऱ्या पाण्यात उभ्या राहिल्या. ती आगरे आता आटत चालली आहेत. मुंबईच्या मिठागरांच्या जमिनी घरबांधणीसाठी हव्या असतात. २०२४ साली महाराष्ट्र सरकारने अशा सुमारे २५६ एकरांचा निर्णय धारावीच्या पुनर्वसनासाठी केला. शहराला घरे हवीत हे खरेच. पण आगर गेले की आगरी हे केवळ आडनावासारखे उरते.

कच्छच्या छोट्या रणात अगरिया आहेत. तेथे समुद्राचे पाणी नव्हे, जमिनीखालचे खारे पाणी उपसून वाफ्यात सोडतात. पावसाळा सरला, रण वाळले की कुटुंबे ट्रॅक्टरवर संसार घालून आत जातात आणि पुढचे सात-आठ महिने तेथेच राहतात. प्यायचे पाणी बाहेरून येते. हंगामाच्या आरंभी व्यापाऱ्याकडून उचल घ्यायची, तिच्यातून पूर्वी पंपाचे डिझेल भरायचे. अलीकडे सौर पंप आले आहेत, तो भार काहीसा हलका झाला आहे. हंगाम संपला की मीठ त्याच व्यापाऱ्याला, त्याच्या भावाने. पांढऱ्या रणावरून परतणारे ऊन डोळ्यांत जाते आणि खारे पाणी पायांच्या भेगांत. छोटे रण १९७३ पासून रानगाढवांचे अभयारण्य आहे. अगरियांचा तेथील जमिनीवरचा हक्क कागदावर कोणता, याचा घोळ अनेक वर्षे चालू आहे. नव्वद वर्षांपूर्वी मीठ कोणाचे हे ठरले, पण ज्या भुईतून ते निघते ती कोणाची हे अजून ठरायचे आहे.

या अगरियांविषयी एक गोष्ट सांगितली जाते. जन्मभर खाऱ्या पाण्यात उभे राहून त्यांचे पाय इतके घट्ट होतात की मेल्यावर चितेत सारा देह जळतो आणि पावले तशीच मागे राहतात. मग घरची माणसे ती गोळा करतात आणि खड्डा खणून, थोडे मीठ घालून, वेगळी पुरतात.